छताला लावलेले प्लास्टिक

स्वीडनमधली स्ट्रिपा ही लोखंडाची जुनी खाण. सत्तरच्या दशकात ती बंद पडली आणि १९७७ पासून शास्त्रज्ञ तिच्यात उतरू लागले. लोखंडाला लागूनच ग्रॅनाइटचा मोठा कातळ होता. ऐंशीच्या दशकात त्यांनी त्या कातळात, जमिनीखाली सुमारे साडेतीनशे मीटरवर, एक भुयार खणले आणि त्याच्या छताला प्लास्टिक लावले. दोन-दोन चौरस मीटरचे शेकडो तुकडे, एकाला लागून एक. कोणत्या तुकड्यात किती पाणी ठिबकते ते वेगवेगळे गोळा करायचे आणि मोजायचे. बरेच दिवस एवढेच काम.

अणुकचरा खडकात पुरावा की नाही यावर जगभर पुष्कळ बोलले गेले आहे. त्या सगळ्या बोलण्यापेक्षा हे प्लास्टिकचे तुकडे आम्हांला अधिक मोलाचे वाटतात. भुयाराच्या छतात भेगा जागोजागी होत्या. पाणी मात्र जागोजागी नव्हते. बहुतेक तुकडे कोरडेच राहिले आणि मोजक्या काही तुकड्यांत बरेचसे पाणी उतरले. भुयाराच्या वर छिद्रे पाडून शास्त्रज्ञांनी खुणेची द्रव्ये सोडली होती. ती खाली सरळ रेषेत आली नाहीत. सोडली तेवढी परत मिळालीही नाहीत. खडकाच्या पोटात पाण्याने स्वतःच्या वाटा निवडल्या होत्या आणि वरून त्या कुणाला दिसल्या नसत्या.

मुंबईच्या उपनगरातल्या माणसाला हे पटवून द्यावे लागणार नाही. जून लागला की वरच्या मजल्यावरच्या घरात छताला ओल येते. पाणी गच्चीच्या एका कोपऱ्यातून शिरते, स्लॅबमधून आडवे धावते आणि तिसऱ्याच खोलीतल्या पंख्याशी ठिबकते. चांगला वॉटरप्रूफिंगवाला खाली रस्त्यावर उभा राहून अंदाज सांगत नाही. तो म्हणतो, आधी आत येऊ द्या, मग वर जाऊ द्या. एका पावसाळ्यात त्याला उत्तर सापडेलच असेही नसते.

भारताने आपल्या ग्रॅनाइटच्या बाबतीत अजून रस्त्यावरूनच अंदाज घेतला आहे. आमचे म्हणणे एवढ्या एकाच गोष्टीबद्दल आहे.

हा विषय मुंबईकराला दूरचा वाटू नये. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने दक्षिणेकडे गेले की पुढे ट्रॉम्बेचा डोंगर लागतो आणि त्याच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्र. जानेवारी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी तिथल्या प्लुटोनियम प्रकल्पाचे उद्‌घाटन केले. वापरलेले इंधन आम्लात विरघळवायचे, त्यातले प्लुटोनियम आणि युरेनियम काढून घ्यायचे. मग जो द्रव उरतो तोच सर्वांत प्रखर किरणोत्सारी कचरा. तो काचेत बांधण्याचा प्रकल्प ट्रॉम्बेला सुरू झाला २००२ साली. मधल्या सदतीस वर्षांत हा द्रव टाक्यांमध्ये सांभाळला गेला.

ही काचही सहज मिळाली नाही. ट्रॉम्बेच्या जुन्या द्रवात सल्फेट अधिक होते. नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत सल्फेट फारसे मावत नाही; ते वेगळे होऊन वर साय धरते. तेव्हा बेरियम घातलेली निराळी काच ट्रॉम्बेच्याच शास्त्रज्ञांनी घडवली. आधी तिचे लहान नमुने ओतले, पाण्यात ठेवून ती किती झिजते ते पाहिले, मग भट्टी उभी केली. हे काम आम्ही आदराने आठवतो. कारण काचेच्या बाबतीत कुणी असे म्हटले नाही की कचरा थोडा आहे, टाक्या मजबूत आहेत, तेव्हा काचेचा अभ्यास पुढची पिढी करील.

खडकाच्या बाबतीत मात्र नेमके हेच म्हटले जाते.

सरकारचे संसदेतले उत्तर ठरलेले आहे. आपण इंधनाची पुनर्प्रक्रिया करतो, म्हणून उरणारा प्रखर कचरा फार थोडा असतो. तो काचेत घट्ट करून पोलादी डब्यांत भरला जातो. हे डबे तारापूरसारख्या ठिकाणी, हवेच्या प्रवाहाने थंड राहणाऱ्या कोठारांत काही दशके ठेवता येतात. म्हणून खोल भूगर्भातल्या कायमच्या भांडाराची नजीकच्या काळात गरज नाही. यातले एकही वाक्य खोटे नाही. काच गरम असते, ती निवू द्यावीच लागते. सिझियम-१३७ चे तीस वर्षांत अर्धे होते, पुढच्या तिसात त्याचेही अर्धे. घाईने पुरण्यात शहाणपण नाही हे आम्हांला मान्य आहे.

पण भांडाराची गरज आणि खडकाच्या अभ्यासाची गरज या दोन गोष्टी एकाच उत्तरात बांधल्या गेल्या आहेत. पहिली पुढे ढकलली की दुसरी आपोआप पुढे जाते. भांडार चाळीस वर्षांनी लागणार असेल, तर त्याच्या खडकात उतरण्याची वेळ आजची आहे. स्ट्रिपात पहिला माणूस या कामासाठी उतरला १९७७ साली. स्वीडनने फॉर्समार्क इथे प्रत्यक्ष भांडाराचे बांधकाम सुरू केले जानेवारी २०२५ मध्ये. मधली वर्षे अठ्ठेचाळीस. त्यांतली पुष्कळशी एका प्रश्नात गेली: भेगेतून पाणी कसे जाते?

फिनलंडची गोष्ट वेगळी नाही. सरकारने वेळापत्रक आखले १९८३ साली. ओल्किलुओटोची जागा संसदेने मान्य केली २००१ मध्ये, खोदाईला सुरुवात २००४ मध्ये, बांधकामाचा परवाना २०१५ मध्ये. हा देश साधारण ५६ लाख लोकांचा. आपल्या एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली होती.

ग्रॅनाइट आपल्याला ठाऊक असतो तो स्वयंपाकघरातल्या ओट्याचा. गुळगुळीत, काळा, एकसंध. त्यावर पाणी सांडले तर सांडल्या जागी राहते. पण तो तुकडा निवडून आलेला असतो. खाणीतला माणूस भेग टाळून दगड काढतो. तडा गेलेला ठोकळा तिथेच पडून राहतो. डोंगराएवढ्या ग्रॅनाइटमधून असा भेग नसलेला ठोकळा निवडता येत नाही. तिथे भेगांसकटच हिशेब करावा लागतो. नितळ ग्रॅनाइटमधून पाणी जवळजवळ जातच नाही. म्हणजे जे काही जायचे ते भेगेतूनच जाणार. काच, डबा, डब्याभोवतीची चिकणमाती ही सगळी आपापल्या परीने पाणी अडवतात. पण प्लुटोनियम-२३९ चे अर्धे व्हायला चोवीस हजार वर्षे लागतात आणि पुनर्प्रक्रियेनंतरही त्याचा थोडा अंश कचऱ्यात उरतो. नेप्च्युनियमची मुदत वीस लाख वर्षांहून अधिक. एवढ्या काळात डबा गंजेल असे धरूनच चालावे लागते. मग उरतो खडक आणि त्यातली फट.

ही फट वरून वाचता येत नाही. साधी भूमिती आहे. जमिनीवरून उभे छिद्र पाडले तर आडव्या भेगा त्याला छेदतात, उभ्या भेगा मात्र बाजूने निसटून जातात. तिरपी छिद्रे पाडली तर थोड्या अधिक सापडतात. तरीही छिद्राचा व्यास हाताच्या पंज्याएवढा. भेग किती लांब गेली, दुसरीला कुठे मिळाली, वरच्या खडकाच्या दाबाखाली ती मिटली आहे की उघडी आहे, हे त्या पंज्याएवढ्या गोलात कसे कळणार? भुयारात मात्र भेग भिंतीवरून भिंतीवर जाताना दिसते. तिच्यात कॅल्साइट किंवा क्लोराइट भरलेले असते, ते खरवडून घेता येते, आणि पूर्वी कधी, किती ऊन पाणी तिथून गेले याचा माग त्यातून लागतो. भेगेत साचलेले पाणी घेऊन ते किती जुने आहे हे तपासता येते. त्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन नसेल तर प्लुटोनियम आणि नेप्च्युनियम फारसे विरघळत नाहीत, हेही तिथेच पारखता येते. तेही लवकर, कारण भुयार खणले की त्याच्यामागून हवा शिरते आणि मूळ पाणी बदलू लागते.

मुंबईच्या कातळाला यातले काही विचारायचे कारण नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहावा. साठ मीटरचा काळा बसाल्ट, उभ्या खांबांचा. ते खांब म्हणजे लाव्हा निवताना आकसला त्याच्या भेगा आहेत. इथल्या खडकाला भेग जन्मतःच असते. थरांवर थर, मध्ये सच्छिद्र पट्टे, लाल मातीचे पट्टे. उपनगरातल्या सोसायट्यांच्या बोअरवेलना पाणी लागते ते त्यामुळेच. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी ग्रॅनाइटकडे पाहिले. पश्चिम राजस्थानातला ग्रॅनाइट भाभा केंद्राने पायाखाली घातला, नकाशे केले, छिद्रे पाडली. हे काम प्रामाणिक होते. पण ते जमिनीवरून झाले.

आपण खाली उतरलो होतो ते एकदाच, कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत. खाणीच्या वापरात नसलेल्या भागात, सुमारे एक किलोमीटर खोल, एक दालन निवडले गेले. कचऱ्याची उष्णता खडकाला काय करते हे पाहायला विजेवर तापणारा हीटर त्या खडकात बसवला. कचरा अजिबात नव्हता, नुसती उष्णता. तापमान, ताण, खडकाची हालचाल वर्षानुवर्षे मोजली गेली. जगात मोजक्या देशांनी एवढ्या खोलवर असा प्रयोग केला होता. फक्त तो खडक ग्रॅनाइट नव्हता, अँफिबोलाइट होता. ज्या जातीच्या खडकावर आपण पुढे भिस्त ठेवणार, तिच्या पोटात आपण उतरलोच नाही. आणि ज्यात उतरलो तेही दार राहिले नाही. २८ फेब्रुवारी २००१ ला कोलारची खाण बंद झाली, पंप थांबले, पाणी वर चढत गेले.

त्यानंतर आजपर्यंत या कामासाठी भारतात ग्रॅनाइटमधली एकही भूमिगत प्रयोगशाळा नाही. चीनने गान्सू प्रांतात बेइशानच्या ग्रॅनाइटमध्ये अशी प्रयोगशाळा खणायला २०२१ साली सुरुवात केली. तिची खोली साडेपाचशे मीटरच्या पुढे जायची आहे. स्वित्झर्लंडची ग्रिम्सेलची प्रयोगशाळा १९८४ पासून चालू आहे.

कोलारने आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती शिकायला कुणी तयार दिसत नाही. २०१२ साली कुडनकुलमचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना कोलारचे नाव पुढे आले आणि गाव रस्त्यावर उतरले. केंद्राला खुलासा करावा लागला की तिथे कचरा पुरण्याचा विचार नाही. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पूर्वी तिथे झाला तो प्रयोग होता, पुरणे नव्हे, हा फरक त्यांना आधी कुणी समजावून सांगितला होता? अभ्यास आणि पुरणे हे दोन्ही एकाच बंद दारामागे ठेवले की बाहेरच्या माणसाला ते एकच वाटणार.

मग ६ मे २०१३ चा निकाल आला. खोल भूगर्भातले भांडार लवकरात लवकर उभारावे, असे न्यायालयाने सांगितले. अणुऊर्जा महामंडळाने पाच वर्षांची मुदत सांगितली होती, तीही निकालात नोंदवली गेली. पाच वर्षे! स्वीडनला ज्याचे बांधकाम सुरू करायलाच अठ्ठेचाळीस वर्षे लागली, त्या कामाची ही मुदत. ती २०१८ मध्ये उलटली. भांडार झाले नाही, होणेही शक्य नव्हते. मात्र प्रयोगशाळाही झाली नाही, आणि ती होणे शक्य होते. एकीकडे न्यायालयात पाच वर्षे, दुसरीकडे संसदेत ‘नजीकच्या काळात गरज नाही’. खडक समजून घ्यायला किती वर्षे लागतात हे ठाऊक असलेला माणूस या दोन्हींपैकी एकही उत्तर लिहिणार नाही. असा माणूस उत्तर लिहिण्याच्या जागी नाही, एवढाच याचा अर्थ आम्ही घेतो.

खणायचे कौशल्य नाही म्हणावे तर तेही खरे नाही. ट्रॉम्बेच्या वेशीवरच पुरावा आहे. महापालिकेने चेंबूरच्या अमरमहालपासून ट्रॉम्बेच्या जलाशयापर्यंत साडेपाच किलोमीटरचा जलबोगदा खणला, शंभर मीटरच्या आसपास खोल. गोरेगाव-मुलुंडचे जुळे बोगदे, ठाणे-बोरिवलीचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून आखले गेले आहेत. उपनगराच्या पायाखाली इतकी यंत्रे, इतके अभियंते, इतका पैसा आहे. या बोगद्यांत भेगेतून पाणी आले की ती सिमेंटचा घोळ भरून बुजवतात आणि पुढे जातात. बोगद्याच्या कंत्राटदाराला तेवढे पुरे आहे. भेगेपाशी थांबून ती वर्षानुवर्षे पाहणे हे त्याचे काम नव्हे. ते डोंगरापलीकडच्या केंद्राचे काम आहे.

आणि लोकांची संमती? ती मिळवण्याचा एक रस्ता जपानने दाखवला आहे. मिझुनामी इथे ग्रॅनाइटमध्ये ५०० मीटर खोल प्रयोगशाळा काढताना संशोधन संस्थेने १९९५ साली तिथल्या प्रांताशी आणि गावांशी लेखी करार केला: इथे किरणोत्सारी कचरा कधीही आणला जाणार नाही, आणि ही जागा पुढे भांडार होणार नाही. जपानमध्येही या प्रश्नावर लोकांचा विरोध तीव्र आहे. तरी करार पाळला गेला. काम संपल्यावर विवरे भरून काढली आणि २०२२ मध्ये जागेची मुदत संपली. तोवर तिथल्या भेगांबद्दल जे कळायचे ते कळले होते आणि ते प्रसिद्धही झाले होते.

असा करार राजस्थानातल्या किंवा दक्षिणेतल्या एखाद्या तालुक्याशी भारत सरकार का करू शकत नाही? कायद्यात एक वाक्य घालावे लागेल. प्रयोगशाळेचे दार शाळेच्या मुलांना, पत्रकारांना, विरोध करणाऱ्यांना उघडे ठेवावे लागेल. मोजलेले आकडे दरवर्षी छापावे लागतील. अणुऊर्जा खात्याला यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींची सवय नाही, हे आम्ही जाणतो. ती लावून घ्यावी लागेल. २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले आहे, आज आपण नऊच्या आसपास आहोत. आपल्याच कोकणात जैतापूरला ९९०० मेगावॅट आखलेले आहेत. आज थोडा असलेला कचरा थोडाच राहील हे गृहीत आता टिकणारे नाही.

एक हिशेब मात्र कुठल्याच उत्तरात येत नाही. कोलारच्या दालनात उतरून ज्यांनी तो हीटर बसवला, तारा ओढल्या, मापे टिपली, त्यांतला जो तेव्हा तिशीत होता तो आज सत्तरीच्या घरात आहे. अहवाल ग्रंथालयात मिळतील. पण खडकात बसवलेले मापक यंत्र खोटे कधी बोलते, भेग ओली दिसली तरी वाहते की नुसती घामेजते, हात लावून काय कळते, हे अहवालात उतरत नाही. ते शेजारी उभे राहून शिकायचे असते. अणुऊर्जा खात्याच्या प्रशिक्षण शाळेतून आज बाहेर पडणाऱ्या भूशास्त्राच्या मुलाला शेजारी उभे राहायला जागाच नाही. त्याने ग्रॅनाइटची भेग आतून पाहायची तर त्याला ग्रिम्सेलला जावे लागेल. तिथे दिसेल ती आल्प्सची भेग.